रेन पक्ष्यांचे कुल आणि त्याची बदलती वंशावळ

ऐरोलीच्या खाडीकाठी किंवा येऊरच्या पायथ्याच्या गवतात शेपटी ताठ उभारून अखंड ओरडणारा राखी वटवट्या इंग्रजी अमदानीतील पक्षिग्रंथांत ‘रेन-वॉर्ब्लर’ या नावाने नोंदलेला आढळतो. लहान चण, झुडपात दडण्याची सवय आणि उंचावलेली शेपटी पाहून युरोपीय निरीक्षकांना मायदेशीच्या रेन या चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्याची आठवण झाली, यात नवल नाही. परंतु वटवट्यांचा रेनच्या कुलाशी निकटचा संबंध नाही.

युरोपात रेनची एकच जाती आहे आणि तीच आशियात पसरत आपल्या हिमालयापर्यंत पोहोचली आहे. स्वीडिश वर्गीकरणकार लिनिअसने १७५८ मध्ये तिला धोबी पक्ष्यांच्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) बसवले, तर १८०९ मध्ये फ्रेंच पक्षितज्ज्ञ व्हिएयो याने तिच्यासाठी ट्रोग्लोडायटीस ही प्रजाती स्थापन केली. कुलातील बाकीच्या ऐंशीहून अधिक जाती मात्र अमेरिका खंडांतच राहतात आणि त्यांची खरी दाटी मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेच्या वायव्य भागात आहे. मेक्सिकोच्या चियापासमधील महाकाय रेन वीस सेंटिमीटरहून लांब असतो, तर अँडीजच्या ओल्या जंगलात जमिनीलगत वावरणारे आखूड शेपटीचे रेन त्याच्या निम्म्याएवढेच भरतात. इक्वेडोरच्या बांबूच्या रानातील एका जातीत नर व मादी आळीपाळीने स्वर घेऊन असे गातात की ऐकणाऱ्याला एकच पक्षी गात असल्याचा भास होतो. या पक्ष्यांच्या मेंदूतील गायनाशी संबंधित पेशी स्वतःच्या वाट्यापेक्षा संपूर्ण युगुलगीताला अधिक तीव्र प्रतिसाद देतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

बाह्य रूपावर बेतलेले वर्गीकरण डीएनएच्या अभ्यासापुढे टिकले नाही. थ्रायोथोरस या प्रजातीत वीसहून अधिक जाती एकत्र कोंबलेल्या होत्या. २००६ मध्ये ती फोडण्यात आली आणि तिच्यात कॅरोलायना रेन ही एकटीच जाती उरली. उरलेल्यांसाठी दोन जुनी प्रजातिनामे पुन्हा वापरात आली आणि कँटॉर्चिलस हे तिसरे नव्याने घडवावे लागले. डोनाकोबियसची कथा याहून मासलेवाईक आहे. दक्षिण अमेरिकेच्या पाणथळीतला हा पक्षी आधी इतरांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या मॉकिंगबर्ड पक्ष्यांमध्ये गणला गेला, नंतर रेनमध्ये आला आणि अखेर तेथूनही बाहेर पडला, कारण त्याचे नाते वटवटे व गवती वॉर्ब्लर ज्या मोठ्या गटात मोडतात त्याच्याशी निघाले. म्हणजे ज्याला रेन मानले तो वटवट्यांच्या बाजूचा ठरला!

नव्या जातींची भरही थांबलेली नाही. कोलंबियातील काउका नदीच्या खोऱ्यातील कोरड्या जंगलातून अँटिओकिया रेनचे वर्णन २०१२ मध्ये झाले. कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत एकच समजला जाणारा हाउस रेन २०२४ मध्ये सात जातींत विभागला गेला, आणि त्यांतील पाच केवळ कॅरिबियन बेटांवरच्या आहेत. अशा निर्णयांत आता पिसांच्या रंगाइतकेच, माझ्या मते त्याहून अधिक, महत्त्व आवाजाला आले आहे. कोलंबियाच्या सांता मार्ता पर्वतावर कमी आणि जास्त उंचीवर राहणारे दोन वन-रेन दिसायला सारखे असूनही वेगळे गातात, आणि उंचावरच्या रेनला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला आहे.