उन्हाळ्यात सायकलवर कुठला टीशर्ट? आधी हवेतली ओल बघा

मार्च संपत आला की सायकलवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक प्रश्न येतोच, कॉटन घालू की ड्रायफिट, म्हणजे पॉलिस्टरचा स्पोर्ट्स टीशर्ट? मग दोन्ही बाजूंनी एकदम ठाम उत्तरं येतात, एक म्हणतो कॉटन घातलं तर घरी येऊन बादलीत पिळावं लागतं, दुसरा म्हणतो ते प्लास्टिक अंगाला नकोच, गुदमरायला होतं. दोघंही खरंच बोलत असतात. फक्त पहिला ठाण्यात सायकल चालवतो आणि दुसरा नागपुरात, हे कोणी विचारत नाही.

मुळात टीशर्ट आपल्याला थंड करत नाही, घाम करतो, आणि तोही नुसता येऊन नाही तर उडून गेला तरच. थोडा हिशोब करू. सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलवर पोचते, बाकी सगळी उष्णता होते. म्हणजे पेडलवर १२० वॅट लावत असाल तर अंगात साधारण ४०० वॅटचा हीटर चालू आहे असं समजा. एक ग्रॅम घाम उडताना अंदाजे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, त्यामुळे हे ४०० वॅट नुसत्या घामावर काढायचे तर तासाला जवळपास ६०० मिलीलिटर घाम उडायला पाहिजे. उडायला, टपकायला नाही. कोपरावरून ओघळून सायकलच्या वरच्या दांडीवर पडला तो फुकट गेला, त्याने फक्त सायकलला गंज चढतो.

आता घाम किती पटकन उडणार हे त्वचेवरच्या आणि हवेतल्या वाफेच्या दाबातला फरक ठरवतो. ३५ अंशाच्या ओल्या त्वचेपाशी हा दाब ५.६ किलोपास्कल असतो. नागपुरात मे महिन्यात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर हवेतला दाब येतो सुमारे १.३, म्हणजे फरक ४.३. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के धरा, हवेतला दाब ३.५, फरक उरतो २.१. पारा दहा अंशांनी खाली असून घाम उडवण्याची ताकद निम्मी! विदर्भात घरोघरी कूलर चालतात आणि मुंबईत तोच कूलर लावला तर खोलीत नुसती चिकचिक होते, त्याचं कारण हेच. आणि हो, मुंबईत पहाटे पाचला निघालात तर हवा थोडी गार असते पण आर्द्रता तेव्हा अजूनच वर असते, त्यामुळे फक्त तापमान बघून कपडे ठरवू नका, हवामानाच्या अ‍ॅपमध्ये ड्यू पॉइंट (दवबिंदू, म्हणजे हवा किती अंशाला गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होईल तो आकडा) दिसतो तो बघा. तो २४-२५ अंशांच्या वर असेल तर कुठलाही टीशर्ट घाला, भिजणार आहातच.

मग फरक कशाने पडतो? कॉटनच्या तंतूला पाणी आवडतं, ते आतपर्यंत शिरतं. साध्या दमट हवेत ठेवलेलं कॉटनसुद्धा स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के ओल धरून बसतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. पॉलिस्टरच्या आत पाणी जात नाही, ते तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पसरतं आणि मोठ्या भागावर पातळ थर झाल्याने लवकर वाळतं. ड्युपॉन्टने १९८६ साली कूलमॅक्स नावाचा धागा काढला त्यातली आयडिया हीच होती, गोल तंतूऐवजी लांबीभर खाचा असलेला तंतू, म्हणजे पाण्याला पळायला आयत्या पन्हळी.

पण इथे जाहिराती एक गोष्ट सांगत नाहीत. घाम त्वचेवरून उडाला तर लागणारी उष्णता बहुतेक शरीरातून जाते, पण कपड्याने तो शोषून बाहेरच्या बाजूला नेला आणि तिथे उडाला तर त्यातली काही उष्णता बाहेरच्या हवेतून घेतली जाते, म्हणजे तेवढा गारवा आपल्याला मिळतच नाही. त्यामुळे भारीतल्या जर्सीने शरीराचं आतलं तापमान खूप खाली येईल अशी आशा ठेवू नका. फरक पडतो तो मुख्यतः वाटण्यात, आणि ते वाटणं मोठं मजेशीर आहे, कारण माणसाच्या त्वचेत ओल ओळखणारे सेन्सरच नाहीत. गारठा आणि स्पर्श, चिकटणं, घासणं हे एकत्र करून मेंदू अंदाज बांधतो की आपण ओले आहोत. भिजलेलं कॉटन पाठीला चिकटतं, जड होऊन लोंबतं, काखेत घासतं, उतारावर वारा लागला की एकदम गार पडतं, म्हणून ते नको वाटतं. कापडाच्या आतल्या बाजूला बारीक उठाव किंवा जाळी असली की ते कमी ठिकाणी टेकतं, आणि तेवढ्यानेच कमी ओलं वाटतं.

माझ्या मते कापडाच्या नावापेक्षा वारा महत्त्वाचा. सपाटीवर २५ च्या स्पीडला आपला आपल्याला वारा मिळतो, पण पुण्याजवळच्या बोपदेव घाटात ८ च्या स्पीडला वारा संपतो आणि मेहनत वाढते, तेव्हा खालपर्यंत उघडणारी झिप कुठल्याही टेक्नॉलॉजीपेक्षा जास्त कामाची. कापड पातळ हवं, १२०-१३० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपास, घरात घालतो तो कॉटन टीशर्ट १६०-१८० चा असतो. अजून एक, पाठीच्या मधल्या आणि खालच्या भागाला सगळ्यात जास्त घाम येतो आणि जर्सीवाल्यांनी नेमके तिथेच दोन पदरी खिसे दिलेत! मोबाईल, केळी, पंप सगळं तिथे कोंबण्यापेक्षा सीटखालच्या बॅगेत टाका.

रंगाचं म्हणाल तर अंगाला घट्ट बसणाऱ्या जर्सीत फिकट रंग बरा, कारण तापलेलं कापड थेट त्वचेला टेकलेलं असतं. सैल कपड्यात मात्र गंमत होते. बेदुइन, म्हणजे अरब भटके लोक, वाळवंटात काळे झगे का घालतात यावर १९८० साली नेचरमध्ये एक शोधनिबंध आला होता, त्यात काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापला पण शरीरापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हीत सारखीच निघाली, जास्तीची उष्णता मधल्या मधेच निघून गेली. उन्हापासून संरक्षणात फिकट पातळ कॉटन मागे पडतं, साध्या पांढऱ्या टीशर्टचा यूपीएफ (कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचा आकडा, जास्त तेवढा चांगला) ५ ते ७ च्या घरात, आणि भिजला की अजून खाली. पॉलिस्टरच्या रेणूतच अतिनील किरण शोषणारी बेंझीनची कडी असते, त्यामुळे ते बरं.

म्हणून नागपूर, अकोला, सोलापूरकडच्या कोरड्या उन्हात सैलसा, फुल बाह्यांचा पातळ कॉटन शर्ट तासाभराच्या चकरेला अजिबात वाईट नाही. किनाऱ्यावर मात्र पातळ, जाळीदार पॉलिस्टरच. मेरिनो मेंढीची मऊ बारीक लोकर छान असते पण किंमत बघून आपलं मन होत नाही, आणि घोंगडीची जाडी लोकर टोचते, तिचा इथे उपयोग नाही.

दुकानात ड्रायफिट या शब्दावर जाऊ नका. क्लबच्या जर्स्या सगळ्या पॉलिस्टरच्या असतात त्यामागे घामापेक्षा छपाईचं कारण मोठं आहे, सब्लिमेशनची शाई (उष्णतेने वाफ होऊन कापडात शिरणारी) पॉलिस्टरवरच नीट बसते. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, आरपार गेली पाहिजे. आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका, दोन-तीन सेकंदात पसरला तर घ्या, मोत्यासारखा बसून राहिला तर ठेवून द्या. काखेतली शिवण बोटाने चाचपा, उंच लागली तर दोन तासांनी तिथे साल निघणार.

वासाची तक्रार मात्र खरी आहे. बेल्जियमच्या घेंट विद्यापीठात २६ जणांना तासभर स्पिनिंग करायला लावून त्यांचे टीशर्ट तपासले होते, २०१४ चा अभ्यास आहे, पॉलिस्टरचा वास जास्त उग्र आणि त्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू जोमाने वाढलेले. म्हणून राइडवरून आलं की जर्सी बॅगेत बोळा करून ठेवू नका, लगेच उलटी करून धुवा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि पाणी पसरणं बंद होतं, मग हजाराची जर्सी आणि दोनशेचा टीशर्ट सारखेच.