सेलमची मिरी आणि 'खंडित प्रवासा'चा खटला

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम शहराच्या अधिकृत मुद्रेवर एक चित्र आहे. झाडांच्या शेजारी पूर्वेकडच्या वेशातला एक माणूस उभा आहे आणि त्याच्या किनाऱ्याकडे सगळी शिडं फुगवून एक जहाज येतंय. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय, 'श्रीमंत इंडीजच्या अगदी शेवटच्या आखातापर्यंत'. अलीकडे या चित्रावरून शहरात वाद झाला. पूर्वेकडच्या माणसाला असं चिन्ह करून मिरवणं योग्य आहे का, असा प्रश्न विचारला गेला. त्या निमित्ताने सेलमच्या मिरीची गोष्ट परत सांगितली जातेय: धाडसी कप्तान, सुमात्राचा किनारा, सातशे टक्के नफा. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. मिरी आणणं हा धंद्याचा पहिला टप्पा होता. पैसा झाला तो ती परत बाहेर पाठवण्यात. त्यासाठी लागणारी वाट जकातीच्या एका तरतुदीने उघडली, आणि लंडनच्या एका निकालाने ती धोक्यात आणली.

१६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांबद्दल मराठीतही भरपूर वाचायला मिळतं, त्यामुळे तो भाग सोडतो. सतराव्या-अठराव्या शतकातला व्यापारही थोडक्यात सांगून पुढे जातो. सेलम कॉड मासा खारवून विकायचं. चांगला मासा स्पेन-पोर्तुगालला जायचा. फुटका, कमी प्रतीचा मासा वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या पोटासाठी जायचा, आणि परतीच्या जहाजातून काकवी आणि साखर यायची. न्यू इंग्लंडच्या बंदरांची पहिली पुंजी या व्यवहारातून उभी राहिली, हे विसरून पुढचं काही नीट समजत नाही. स्वातंत्र्ययुद्धात सेलमच्या जहाजमालकांनी सरकारी परवाना घेऊन ब्रिटिश व्यापारी जहाजं पकडण्याचा उद्योग केला. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्याकडे वेगवान, मोठी जहाजं होती आणि ती नेण्यासारखी बंदरं नव्हती, कारण ब्रिटनने वेस्ट इंडीजची आपली बेटं त्यांच्या जहाजांना बंद केली होती. म्हणून ती पूर्वेकडे वळली.

पुढची वीस वर्षं खरी सेलमची. १७८६ मध्ये तिथलं एक जहाज कँटनला पोचलं. १७८८ मध्ये त्याच मालकाची जहाजं मॉरिशसमार्गे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आली, आणि जून १७८९ मध्ये 'पेगी' नावाचं जहाज मुंबईचा कापूस घेऊन सेलमला परतलं. मुंबईचा कापूस अमेरिकेत उतरल्याची ही पहिली नोंद मानतात. मुंबईत या जहाजांचं काम वाडिया घराण्यातला एक पारशी व्यापारी बघायचा. माल जमवणं, दर ठरवणं, उधारी सांभाळणं, सगळं त्याच्याकडे. त्याने सेलमच्या कप्तानांना भेट म्हणून दिलेला आपला पोशाख आजही तिथल्या संग्रहालयात आहे. हे संग्रहालय १७९९ मध्ये स्थापन झालेल्या ज्या मंडळातून वाढलं, त्याचा सभासद होण्यासाठी केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेला कप्तान किंवा सुपरकार्गो असावं लागे. सुपरकार्गो म्हणजे जहाजावरचा मालकाचा व्यापारी प्रतिनिधी. खरेदी-विक्रीचा शेवटचा शब्द त्याचा.

मिरीचं जहाज १७९५ च्या अखेरीस निघालं. कुठे चाललंय ते मालकाने गुपित ठेवलं होतं. जवळजवळ दीड वर्षाने, १७९७ मध्ये, ते सुमात्राची सुटी मिरी तळात भरून परत आलं. सातशे टक्के नफ्याचा आकडा या फेरीचा. मग सगळेच तिकडे धावले. सुमात्राच्या वायव्य किनाऱ्यावर बंदर असं नव्हतंच. जहाज लाटांच्या बाहेर नांगर टाकून उभं राहायचं. मिरी किनाऱ्यावरच काट्यावर चढायची, पिकुलच्या हिशेबाने (एक पिकुल म्हणजे साधारण ६० किलो), आणि होड्यांतून लाटा कापत जहाजावर जायची. पैसे रोख, स्पॅनिश चांदीच्या डॉलरमध्ये. एका ठिकाणी पुरेसा माल मिळाला नाही की पुढच्या गावाला. जहाज भरायला महिनोन् महिने जायचे.

एवढी मिरी सेलमने करायची काय? १७९० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या आठ हजारांच्या आत होती. त्या वर्षीच्या कायद्याप्रमाणे मिरीवर पौंडाला ६ सेंट जकात होती. जकात भरून ती मिरी युरोपात विकायला नेली असती तर लंडन-ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांपुढे टिकाव लागला नसता. इथे ड्रॉबॅक कामाला आला. न्हावा शेवाला क्लिअरिंगचं काम करणाऱ्या कुणालाही आपल्या १९६२ च्या कस्टम्स ॲक्टचं कलम ७४ पाठ असतं: आयात केलेला माल ओळख पटवून परत निर्यात केला, तर भरलेल्या शुल्कातले ९८ टक्के परत. अमेरिकेने ही सोय ४ जुलै १७८९ च्या आपल्या पहिल्याच जकात कायद्यात ठेवली होती. बारा महिन्यांच्या आत माल बाहेर पाठवा, १ टक्का कापून बाकी जकात परत घ्या. कापायची टक्केवारी पुढे बदलली, तत्त्व तेच राहिलं. शिवाय जकात रोख भरावी लागत नसे. हमीपत्र लिहून दिलं की काही महिन्यांची मुदत मिळायची, आणि तेवढ्या मुदतीत माल पुढे गेलेलाही असायचा.

धक्क्यावर हे कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. जहाज लागलं की जकातीचा एक माणूस वर येऊन बसायचा, त्याच्यासमोरच माल उतरायचा. मिरी, कॉफी, साखर काट्यावर जायची. वाइनच्या पिंपाचं बूच काढून त्या भोकातून खुणा केलेली काठी तिरकी पार आतल्या कोपऱ्यापर्यंत घालायची आणि भोकापाशी येणाऱ्या खुणेवरून पिंपात किती माल मावतो ते काढायचं. पिंपांवर निशाणी, वहीत नोंद, माल वखारीत. पुढे तोच माल त्याच निशाणीवर परत तपासून दुसऱ्या जहाजात, किंवा त्याच जहाजात, चढायचा. 'त्याच जहाजात' हे शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा तंटा त्यांच्यावरून झाला.

१७९३ पासून ब्रिटन आणि फ्रान्सची लढाई सुरू होती, स्पेनही नंतर फ्रान्सच्या बाजूला गेलं. शत्रूच्या वसाहतींचा माल ब्रिटिश आरमार समुद्रावर पकडायचं. तटस्थ देशाच्या जहाजांसाठी ब्रिटनचा '१७५६ चा नियम' होता: शांततेच्या काळात जो व्यापार तुम्हाला बंद होता, तो युद्ध आहे म्हणून तुम्हाला उघडता येणार नाही. क्यूबाची साखर स्पेनला नेणं अमेरिकी जहाजाला शांततेत मना होतं, म्हणून युद्धातही मना. पण क्यूबाची साखर मॅसॅच्युसेट्सला आणली, उतरवली, जकात दिली आणि मग स्पेनला पाठवली तर? तो एक प्रवास की दोन? यालाच 'खंडित प्रवास' म्हणायचे. नाव जरा फसवं आहे. तुटायचा प्रवास, आणि तो तुटला की माल सुटायचा. मधल्या बंदरात माल अमेरिकेचा झाला, म्हणजे पुढची फेरी नवी, असा अर्थ.

१८०० मध्ये लंडनच्या आरमारी न्यायालयासमोर शेजारच्या मार्बलहेडच्या 'पॉली' या जहाजाचं प्रकरण आलं. माल उतरला आहे, जकातीची पूर्तता झाली आहे, म्हणजे प्रवास तुटला, असं न्यायालयाने मानलं आणि जहाज सोडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या वकिलातीने विचारल्यावर ब्रिटिश सरकारच्या कायदा अधिकाऱ्याने हेच लेखी कळवलं. ते मत वसाहतींमधल्या ब्रिटिश न्यायालयांना पाठवलं गेलं आणि अमेरिकेत छापूनही आलं. सेलमचे व्यापारी यावर विसंबून राहिले यात त्यांचं काय चुकलं, हे मला आजवर कळलेलं नाही. ज्याच्याकडून पकडले जाण्याची भीती, त्यानेच लिहून दिलेली कसोटी त्यांनी पाळली.

'एसेक्स' हे जहाज सेलमचं. (याच नावाचं लढाऊ जहाज सेलमच्या लोकांनी वर्गणी काढून १७९९ मध्ये बांधून दिलं होतं ते वेगळं, आणि १८२० मध्ये देवमाशाने बुडवलेलं नँटुकेटचं वेगळं. सेलम ज्या परगण्यात आहे त्याचंच नाव एसेक्स, त्यामुळे हा घोळ नेहमी होतो.) ते बार्सिलोनाहून वाइन घेऊन सेलमला आलं. माल उतरवला, जहाजाची डागडुजी केली, जकातीचं हमीपत्र दिलं. मग तोच माल त्याच जहाजात भरून ते हवानाला निघालं. वाटेत पकडलं गेलं आणि बहामातल्या नासाऊच्या ब्रिटिश न्यायालयाने ते जप्त केलं. अपील लंडनला गेलं. १८०५ च्या उन्हाळ्यात निकाल आला: जप्ती कायम.

न्यायाधीशांचं म्हणणं असं की माल पहिल्यापासून हवानाचाच होता. सेलमला तो विकायचा इरादा नव्हताच, थांबा फक्त दाखवण्यापुरता. तर्क म्हणून यात दम आहे. ड्रॉबॅकचा हिशेब मांडला तर सरकारच्या तिजोरीत उरणारी रक्कम किरकोळ होती हेही खरं. पण कसोटीच बदलली. आधी बघायचे ते कागद आणि काटा. आता बघायचा मालकाचा मनातला हेतू, आणि तो शुद्ध होता हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. आयातीच्या वेळी तुमच्या मनात काय होतं, हे कुठल्या वहीत दाखवणार? शिवाय आधी कुठलीही सूचना नाही. जुन्या नियमावर निघालेली जहाजं समुद्रावर असताना नियम बदलला, आणि त्या वर्षी अमेरिकी जहाजं धडाधड पकडली गेली. विम्याचे दर चढले. ब्रिटनची बाजू मांडायची तर ती अशी, की तटस्थ झेंड्याखाली शत्रूच्या वसाहतींचा माल बिनधोक युरोपात पोचत असेल तर समुद्र जिंकून उपयोग काय. हे गाऱ्हाणं मांडणारी पुस्तिका त्याच वर्षी लंडनमध्ये गाजली.

जानेवारी १८०६ मध्ये सेलमच्या व्यापाऱ्यांनी काँग्रेसला निवेदन दिलं. ते लिहिलं होतं गावातल्याच एका तरुण वकिलाने, जो पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. निवेदनामागे नुसती भावना नव्हती, हिशेब होता. १७९० मध्ये अमेरिकेची फेरनिर्यात जेमतेम ५ लाख डॉलरची होती. निवेदनाच्या पुढच्याच वर्षी, १८०७ मध्ये, एकूण निर्यात १० कोटी ८० लाखांवर गेली आणि त्यातली जवळजवळ ६ कोटी फेरनिर्यात. म्हणजे देशाच्या निर्यातीचा अर्ध्याहून जास्त भाग परक्यांचा माल आणून परक्यांना देण्याचा होता.

पुढे नेपोलियनची फर्मानं, ब्रिटनचे उलट हुकूम, आणि डिसेंबर १८०७ मध्ये अमेरिकेने स्वतःच लावलेली बंदी. परदेशी बंदराला एकही जहाज निघायचं नाही. १८०८ मध्ये देशाची निर्यात २ कोटी २४ लाख डॉलरवर आली. सेलमच्या धक्क्याला जहाजं शिडं उतरवून पडून राहिली आणि खलाशांच्या घरांसाठी अन्नछत्र उघडावं लागलं. बंदीवरून गावातली मोठी व्यापारी घराणीही फुटली. एक पक्ष राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने, दुसरा त्यांच्या नावाने बोटं मोडणारा. बंदी मार्च १८०९ मध्ये उठली आणि तीन वर्षांत ब्रिटनशी युद्धच जुंपलं.

१८१५ नंतर मिरी परत सुरू झाली, तीसेक वर्षं चालली, पण युरोपात शांतता आल्यावर तटस्थ वाहतूकदाराची गरज उरली नव्हती. हिंदुस्थानी कापडालाही वेगळाच तडाखा बसला. १८१६ च्या कायद्याने परदेशी सुती कापडाची किंमत चौरस यार्डाला किमान २५ सेंट धरून तिच्यावर २५ टक्के जकात लावली. बंगालचं जाडंभरडं कापड प्रत्यक्षात कितीही स्वस्त मिळालं तरी जकात २५ सेंटांवर. मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांना संरक्षण मिळालं आणि सेलमच्या कलकत्त्याच्या फेऱ्या त्या मालापुरत्या संपल्या. त्याच गिरण्यांचं कापड सेलमची जहाजं झांझिबारला नेऊ लागली. तिथे ते 'मेरिकानी' म्हणून ओळखलं जायचं, आणि तिथली जकात मक्त्याने वसूल करायची एक कच्छी भाटिया पेढी. सेलमचं बंदर उथळ होतं. मोठी जहाजं बॉस्टनला जाऊ लागली, आणि १८३८ मध्ये रेल्वे आल्यावर मालही तिकडे वळला. आज दिसतं ते विटांचं भव्य कस्टम हाऊस १८१९ चं, म्हणजे भरभराट ओसरल्यावर बांधलेलं.

'खंडित प्रवासा'चा प्रश्न तेवढ्यावर थांबला नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडे जाणारा माल ब्रिटिश जहाजं थेट न नेता नासाऊला उतरवायची आणि तिथून तो पुढे जायचा. १८६३ मध्ये लंडनहून नासाऊला निघालेलं 'स्प्रिंगबोक' हे ब्रिटिश जहाज अमेरिकी आरमाराने पकडलं. तटस्थ बंदरातून तटस्थ बंदराकडे चाललो होतो, असा मालकांचा बचाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जहाज सोडलं आणि माल जप्त ठेवला: मालाचा खरा मुक्काम नासाऊ नव्हताच, मधल्या थांब्याने प्रवास तुटत नाही. आधार म्हणून त्यांच्यासमोर ब्रिटिश न्यायालयांचे जुने निकाल होते.