मृगातल्या तेजोमेघाचे रंग खोटे नाहीत

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतं: मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे (वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगाचे) गुलाबी फोटो बनावट, दुर्बिणीतून तो राखाडीच दिसतो, रंग 'नासा' भरते. यातलं निम्मं खरं आहे. दुर्बिणीला डोळा लावला तर राखाडी, फार तर हिरवट डाग दिसतो, कारण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग कळतच नाही. लाल प्रकाश मात्र तिथून खरोखर निघतो.

मृगाच्या बाणाखाली, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर हा मेघ आहे. त्याच्या गाभ्यातल्या चार ठळक, कोवळ्या ताऱ्यांपैकी 'थीटा-१ ओरायनिस सी' हा एकटाच जवळजवळ सगळा मेघ उजळतो. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३९ हजार केल्विन. आपल्या सूर्याचं ५,८००. इतका तप्त तारा मुख्यतः अतिनील किरण फेकतो.

गंमत इथून पुढे आहे. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा फोटॉन. सुटलेला इलेक्ट्रॉन भटकतो, कधीतरी दुसऱ्या प्रोटॉनच्या तावडीत सापडतो आणि जिना उतरावा तसा ऊर्जापातळ्या उतरतो. तिसरीवरून दुसरीवर येताना ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश. जळत काहीच नाही!

हिरवा रंग जास्त खट्याळ. १८६४ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी हिरवी रेषा दिसली, आणि पुढे 'नेब्युलियम' नावाचं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवलं की ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनची. भटक्या इलेक्ट्रॉनच्या धडकेनं तो उत्तेजित होतो आणि प्रकाश सोडायला अर्धा-पाऊण मिनिट घेतो. आपल्या हवेत तेवढ्या वेळात असंख्य टकरी होऊन ती ऊर्जा निघून जाते. मेघाच्या उजळ भागातही घन सेंटीमीटरला कण असतात काही हजार, त्यामुळे ऑक्सिजनला सवड मिळते.

मेघाच्या आकाराचं कारणही तोच तारा. इलेक्ट्रॉन सुटलेल्या अणूंचा वायू दहा हजार केल्विनपर्यंत तापतो, मेघामागचा मोठा, न उजळलेला ढग मात्र गारठलेला. तापलेला वायू फुगतो, आणि आपल्याकडची बाजू पातळ असल्यानं तिकडून बाहेर पडतो. त्यामुळे आपल्याला दिसते ती मोठ्या ढगाच्या कडेला पडलेली उघडी पोकळी आणि तिची उजळलेली भिंत. ताऱ्याचा झंझावाती वाराही आहेच. विमानातल्या 'सोफिया' दुर्बिणीच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार या वाऱ्यानं फुगवलेल्या बुडबुड्याचं कवच सेकंदाला १३ किलोमीटरनं पसरतंय.

याच माऱ्यात शेजारच्या धाकट्या ताऱ्यांभोवतीच्या, ग्रह घडण्याजोग्या चकत्या सापडतात. त्यांचा वायू उडून चाललाय. हबल अवकाश-दुर्बिणीच्या छायाचित्रांत या चकत्यांच्या, 'थीटा-१ ओरायनिस सी'च्या विरुद्ध दिशेला वळलेल्या शेपट्या दिसतात.