उपासाचा नेम आणि रोजच्या जेवणाची सवय

दोन वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीला आईनं पानातला एक उकडीचा मोदक खाल्ला. तिला मधुमेह आहे. आधीचे अडीच महिने तिनं साखर, भात आणि बटाटा यांना हातही लावला नव्हता. मोदक संपवून ती म्हणाली, "आता मोडलंच." मग दुसरा मोदक आला, तिसरा आला, संध्याकाळी आरतीनंतर पेढे आले. विसर्जन झालं, नवरात्र झालं, दिवाळीचा फराळ झाला, आणि पथ्याचं नाव घरात कुणी काढेना.

त्या एका मोदकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला खटकतो तो "मोडलं" हा शब्द, कारण तो उपासाच्या हिशेबातून आलाय.

उपास खरोखरच मोडतो. एकादशीला चुकून भाताचा घास पोटात गेला, तर त्या दिवसाचा उपास संपला; उरलेला दिवस निरंकार राहूनही तो परत सांधता येत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण, वांगं सोडणाऱ्यांचा नेमही तसाच असतो. अखंड राहणं हाच त्याचा अर्थ, आणि श्रद्धेनं केलेल्या व्रताला ते शोभतं. शिवाय व्रताला शेवट असतो: द्वादशीला पारणं, कार्तिकीला चातुर्मासाची समाप्ती. रोजच्या आहाराला पारण्याची तारीख नसते, आणि नेमका तोच आहार आपण व्रतासारखा धरतो. सोमवारी सुरू करतो, गुरुवारी ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खातो आणि पुढच्या सोमवारची वाट बघतो.

बाहेरून पाहिलं तर नेम आणि सवय दोन्ही सारखीच दिसतात. मंगळवारी दुपारी दोघांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर असेल, तर नेम पाळणारा कोण आणि सवय लावून घेणारा कोण, हे ओळखता येणार नाही. फरक कळतो तो केक खाल्ल्यानंतरच्या जेवणात. नेमवाला विचारतो, "मी चुकलो का?" सवयवाला विचारतो, "रात्री काय करायचंय?"

केकनंतर काय होतं, हे प्रयोगातही दिसलंय. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव सांगण्याच्या निमित्तानं हवं तेवढं आइस्क्रीम खायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिकच आहे. पण एरवी स्वतःवर कडक बंधन ठेवणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर जास्त खाल्लं. मिल्कशेक न मिळालेल्या त्यांच्यासारख्याच बायकांपेक्षाही जास्त. बांध फुटला की पाणी अडवायचं कशाला, अशी मनाची ती अवस्था. आईचा दुसरा आणि तिसरा मोदक मला तिथंच सापडला.

सवय वेगळ्या रीतीनं घडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एक साधी गोष्ट रोज ठरावीक वेळी करायला सांगितली, जसं दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं. २०१० मध्ये छापलेल्या या अभ्यासात ती गोष्ट अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी दिवस, निम्म्यांना जास्त. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता: कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. माझ्या लेखी या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

शरीरही असंच मोजतं, आणि मधुमेह असलेल्या घरात त्याचा पुरावा कागदावरच असतो. सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर त्या वेळेपुरतं सांगते. एचबीएवनसी ही रक्ततपासणी मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी साधारण १२० दिवस जगते. त्या आकड्यात एक मोदक शोधूनही सापडणार नाही. दोन महिन्यांचं "मोडलंच" मात्र स्पष्ट दिसतं. आईच्या रिपोर्टात दिसलं.

चुकीची भरपाई म्हणून रात्रीचं जेवण टाळणं, हाही नेमाचाच हिशेब. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण टाळल्यानं साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण प्रायश्चित्त म्हणून हे करणारी माणसं मी पाहिली आहेत.

काही ठिकाणी व्रताइतकी कडक शिस्तच लागते. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर एक दाणाही चालत नाही; सिलिअ‍ॅक आजारात गव्हाच्या थोड्याशा पिठानंही आतड्याला इजा होते. तिथं "एखाद्या वेळी" हा शब्दच नाही. दुसऱ्या टोकाला "कधीतरी चालतं" असं आठवड्यातून पाचदा म्हणणारे असतात. तेही सातत्यच, फक्त वडापावाचं. म्हणून मोजावं लागतं. आठवड्याची २१ जेवणं धरली आणि त्यांतली तीन सणावारी गेली, तर अठरा उरतात. त्या अठरांवर बरंच काही उभं राहतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका दिवसाला भाज्या आणि फळं मिळून सुमारे ५०० ग्रॅम सुचवते. तो आकडा वाचून नेमवाला पहिल्याच दिवशी वजनकाटा आणतो आणि दहाव्या दिवशी तो माळ्यावर टाकतो. आम्ही घरी फक्त एक ठरवलं: दोन्ही वेळच्या जेवणात आधी वाटीभर कोशिंबीर किंवा भाजी, मग बाकीचं. पाहुणे असोत, सण असो, गावाला जायचं असो, निदान काकडी तरी मिळतेच.

गेल्या गणपतीत आईनं एक मोदक खाल्ला. दुसरा वाढायला मी पुढे झाले, तर तिनं पानावर हात आडवा धरला. रात्री तिनं स्वतःच मेथी निवडली, भाकरी थापली, आणि जेवताना दुपारच्या मोदकाचा विषयही निघाला नाही.