ट्राम गेली, आणि दुकानदारांनी स्वतःवर कर लावून घेतला

टोरंटोच्या पश्चिम भागात, ब्लूर रस्त्यावर, मे १९६८ पर्यंत ट्राम धावत होती. रनीमीड आणि जेन या चौकांच्या आसपासच्या दुकानांचा धंदा बराचसा तिच्यावर अवलंबून होता. संध्याकाळी कामावरून परतणारा माणूस दुकानाच्या दारातच उतरायचा आणि पाव, मांस, भाजी घेऊन घरी जायचा. पुढे भुयारी रेल्वे आली. फेब्रुवारी १९६६ मध्ये ती कील स्टेशनपर्यंत पोचली, दोन वर्षांनी जेनच्याही पुढे गेली आणि उरलेली ट्राम बंद झाली. ही रेल्वे ब्लूरच्या उत्तरेला समांतर खणली होती, म्हणजे रोजचं गिऱ्हाईक आता दुकानांच्या पाठीमागून, जमिनीखालून निघून जाऊ लागलं.

दुसरा फटका आधीच बसू लागला होता. १९६४ मध्ये यॉर्कडेल मॉल उघडला. तो त्या काळी कॅनडातला सर्वांत मोठा मॉल होता. ईटन्स आणि सिम्पसन्स ही एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी असलेली दोन मोठी दुकानं तिथे एकाच छपराखाली आली. गाडी लावायला फुकट जागा, आत थंडी नाही, पाऊस नाही, बर्फ नाही. ब्लूरवरच्या छोट्या दुकानदाराकडे यातलं काहीच नव्हतं.

मॉलकडे आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. मॉलला एक मालक असतो. दिवे, झाडलोट, जाहिरात, नाताळची सजावट यांचा खर्च तो सगळ्या गाळेधारकांकडून भाड्यासोबतच वसूल करतो. तिथे 'मी देणार नाही' म्हणायची सोय नाही. रस्त्यावरच्या बाजारपेठेत शंभर दुकानं असतात आणि त्यांचे मालक वेगवेगळे. व्यापारी संघटना ब्लूरवरही होती, पण ती वर्गणीवर चालायची. गणपतीची वर्गणी गोळा करत दारोदार फिरलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. दहा जण उत्साहाने देतात, वीस जण टाळतात, काही जण 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात, आणि रोषणाई झाली की तिचा उजेड मात्र सगळ्यांच्या दारात सारखाच पडतो. दोन-तीन वर्षांत देणारेही कंटाळतात.

ब्लूरच्या व्यापाऱ्यांनी यावर जो मार्ग काढला तो त्यापूर्वी कुणी काढला नव्हता. नील मॅकलेलन या स्थानिक व्यापाऱ्याच्या पुढाकाराने त्यांनी शहराशी बोलणी सुरू केली. आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक व्यापारी मालमत्तेवर थोडा जादा कर लावा, तो तुम्हीच मालमत्ता कराबरोबर वसूल करा, आणि तो पैसा आमच्याच रस्त्यासाठी आम्हाला परत द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. शहराला असा कर लावायचा अधिकारच नव्हता, म्हणून प्रांताचा कायदा बदलावा लागला. १९६९ च्या अखेरीस ऑन्टारियोच्या विधिमंडळाने महापालिका कायद्यात ती तरतूद घातली. १९७० मध्ये टोरंटो शहराने उपविधी केला आणि ब्लूर वेस्ट व्हिलेज हे जगातलं पहिलं 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया', म्हणजे बीआयए, उभं राहिलं. पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक होतं ४७,५०० डॉलर.

सरकारने कर लादल्याच्या कहाण्या आपण खूप ऐकतो. इथे दुकानदार स्वतः कर मागायला गेले होते, आणि मला या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. दिवे, बाकं, झाडांच्या कुंड्या, सामाईक जाहिराती हे सगळं नंतर आलं. आधी ठरलं ते एवढंच, की शेजारी देत नाही म्हणून माझी वर्गणी वाया जाणार नाही.

रचना आजही साधारण तीच आहे. पट्ट्यातले व्यापारी मालमत्ताधारक आणि भाडेकरू दुकानदार हे सदस्य असतात. ते वार्षिक सभेत अंदाजपत्रक ठरवतात आणि नगर परिषद ते मंजूर करते. व्यवस्थापन मंडळावर परिषदेच्या मंजुरीने दुकानदार बसतात. कर प्रत्येक मालमत्तेच्या मूल्याच्या प्रमाणात बसतो, त्यामुळे बँकेला जास्त आणि चाव्या बनवणाऱ्याच्या छोट्या गाळ्याला कमी भरावं लागतं. फुटपाथ रुंद करणं, नवे दिवे बसवणं अशा मोठ्या कामांत टोरंटो शहर निम्मा वाटा उचलतं. २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या काळात, हॉटेलांची टेबलं फुटपाथवर आणि रस्त्याच्या कडेला मांडायची वेळ आली तेव्हा शहराला प्रत्येक हॉटेलवाल्याशी वेगळं बोलत बसावं लागलं नाही. बऱ्याच रस्त्यांवर बोलायला बीआयए होतीच. आज एकट्या टोरंटोत अशी ८० हून अधिक क्षेत्रं आहेत.

कल्पना सीमेपलीकडे गेली तेव्हा तिचं नाव बदलून 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट', म्हणजे बीआयडी, झालं आणि थोडा स्वभावही बदलला. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सने १९७० च्या दशकाच्या मध्यात मध्यवर्ती भागासाठी असं क्षेत्र केलं. न्यू यॉर्कची तिजोरी १९७५ मध्ये जवळपास रिकामी झाली होती आणि शहराने साफसफाईपासून सगळ्यातच काटछाट केली होती. १९८४ मध्ये युनियन स्क्वेअर आणि चौदाव्या रस्त्याच्या पट्ट्यात तिथला पहिला बीआयडी सुरू झाला. ब्लूरवर दुकानं वाचवायची होती, तर इथे शहराने सोडून दिलेलं झाडलोटीचं आणि पहाऱ्याचं कामही अंगावर घ्यावं लागलं. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे कर जागेच्या मालकावर नाही, दुकान चालवणाऱ्यावर बसतो, आणि त्याआधी मतदान होतं. मतदारांच्या संख्येने आणि मालमत्तांच्या करपात्र मूल्यानेही, अशा दोन्ही मापांनी बहुमत लागतं. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, मग पुन्हा मतदान. लंडनच्या किंग्स्टन भागात २००५ मध्ये पहिला बीआयडी सुरू झाला.

पैसे कुणाचे आणि शब्द कुणाचा, हा वाद मात्र सगळीकडे पोचला. न्यू यॉर्कमध्ये कर मालमत्तेवर बसतो आणि मंडळात मालकांचं बहुमत असतं. ग्रँड सेंट्रल भागातल्या रहिवाशांनी त्याविरुद्ध दावा केला, पण १९९८ मध्ये अपील न्यायालयाने मालकांचं बहुमत वैध ठरवलं. न्यू यॉर्कच्याच क्वीन्स भागात रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर असा बीआयडी वाढवायचा बेत आला तेव्हा पथारीवाले आणि छोटे दुकानदार रस्त्यावर उतरले. रस्ता चकचकीत झाला की भाडं वाढतं आणि पहिले आम्हीच बाहेर फेकले जातो, ही त्यांची भीती होती. ती खोटी म्हणता येणार नाही. कर मालकाच्या नावावर निघाला तरी तो भाडेकरारातून बहुधा दुकानदाराच्याच गल्ल्यातून जातो, आणि वाढलेली किंमत मात्र मालकाकडे राहते.

मुंबईच्या जुन्या बाजारपेठांसाठी कुणी हा नमुना सुचवला की मला याच मुद्द्याची काळजी वाटते. पगडीच्या गाळ्याचं भाडं इतकं तुटपुंजं असतं की मालकाला रस्ता सुधारण्यात काही मिळत नाही. ज्याला मिळतं तो दुकानदार कागदावर मालक नसतो. तिथे टोरंटोपेक्षा इंग्लंडची रचना जास्त बसेल. सध्या आपल्याकडे जे आहे ते ऐच्छिक. १९९८ मध्ये स्थापन झालेली काळा घोडा असोसिएशन कलामहोत्सवाच्या जोरावर त्या भागातल्या जुन्या वास्तू आणि पदपथांची कामं करत आली आहे. पण प्रायोजक दरवर्षी शोधावे लागतात.

टोरंटोला राहणाऱ्या मराठी माणसांच्या ओळखीचा बीआयए ब्लूरवर नाही, शहराच्या पूर्वेला जेरार्ड रस्त्यावर आहे. १९७२ मध्ये तिथे 'नाझ' हे हिंदी सिनेमे दाखवणारं थिएटर सुरू झालं. सिनेमाला येणाऱ्या कुटुंबांसाठी आजूबाजूला साड्या, मसाले, मिठाई, दागिने अशी दुकानं लागली आणि १९८० च्या दशकात 'जेरार्ड इंडिया बझार' हा अधिकृत बीआयए झाला. रस्त्यावरचा दक्षिण आशियाई उत्सव, भाजलेली कणसं, पानाची दुकानं ही ओळख त्यातून टिकली. पण गिऱ्हाईक टोरंटोबाहेरच्या ब्रॅम्प्टन आणि मिसिसागाला राहायला गेलं. तिथे मोठी किराणा दुकानं आली आणि त्यांच्यासमोर गाडी लावायला भरपूर जागा होती. जेरार्डवर आता साडीच्या दुकानाशेजारी कॉफीचं दुकान दिसतं, आणि बीआयएच्या सभेत दोघेही सदस्य. कर दोघांनाही लागू आहे. पुढचा खर्च जुन्या ओळखीवर करायचा की नव्या शेजाऱ्यांवर, हे त्या सभेतच ठरवावं लागतं. ब्लूरवरची ट्राम गेली ती गेलीच, पण ५०६ क्रमांकाची ट्राम जेरार्डवर आजही दुकानांच्या दारातच थांबते.