सबवूफरच्या खोक्यातली साडेतीन ग्रॅम हवा

गणपती जवळ आले की नाशिकमधल्या प्लायवूडच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. कॉलेजातलं पोरगं, मोबाइलवर खोक्याचं चित्र आणि पिशवीत एम. जी. रोडवरून आणलेला दहा इंची स्पीकर. बनवायचा असतो सबवूफर, म्हणजे फक्त ढोलासारखा खोल आवाज, बेस, काढणारा स्पीकर. यंदा त्यांत माझा भाचाही होता. सातपूरच्या मिस्त्रींनी माप लिहून घेता घेता विचारलं, "भोक कुठं पाडू? हवा खेळली पाहिजे ना, नायतर कॉईल तापंल." कॉईल म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा हलवणारं तारेचं वेटोळं. भाच्यानं मान डोलावली. हा समज इतका पसरलेला आहे की चांगली शिकलेली माणसंही खोक्याच्या त्या गोल भोकाला खिडकीच समजतात. खरं तर ते भोक म्हणजे दुसरा स्पीकर असतो, फक्त त्याला ना कागद लागतो ना चुंबक.

आधी मुळात खोकं कशाला, ते पाहू. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे स्पीकर एका वेळी दोन आवाज काढतो, एकमेकांच्या बरोबर उलटे. ४० हर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण साडेआठ मीटर. एवढ्या लांब लाटेच्या हिशेबात दहा इंची स्पीकरच्या कडेला वळसा घालून मागचा आवाज पुढे यायला काहीच वेळ लागत नाही, आणि दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून गाणं लावा. गळा ऐकू येतो, ढोल गायब.

सरळ उपाय म्हणजे मागचा आवाज कोंडून टाकणं. बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि तिचाच उपयोग करून एडगर विल्चर या अमेरिकी माणसानं १९५४ साली लहानशा पेटीतून खोल बेस काढून दाखवला. पद्धत उत्तम आहे. पण त्यात मागच्या बाजूची मेहनत वाया जाते. ती वाया घालवायची नाही, उलटा आवाज सुलटा करून पुढे आणायचा, ही युक्ती बेल या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरासची. त्याचं पेटंट १९३२ सालचं.

उलट्याचा सुलटा होतो कसा? इथे जरा थांबू, कारण मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

रबराच्या दोरीला एक कुलूप लटकवा आणि दोरीचं वरचं टोक हातात धरा. हात सावकाश वर-खाली केला तर कुलूप हाताबरोबर वर-खाली होतं. आता वेग वाढवत जा. एका विशिष्ट वेगाला हात जेमतेम हलतो आणि कुलूप मात्र उड्या मारू लागतं. त्याहूनही वेगात हलवलंत तर गंमत होते: हात वर जातो तेव्हा कुलूप खाली येतं. दोरी तीच, कुलूप तेच, पण वेग एक उंबरठा ओलांडून गेला की हालचालीची दिशा उलटते.

खोक्यातली हवा ही ती दोरी. भोकाला आतून बसवलेल्या नळीतली हवा हे कुलूप. पडद्याची मागची बाजू म्हणजे हात. खूप सावकाश कंपनं असतील तर पडदा आत जातो तेव्हा नळीतली हवा मुकाट्यानं बाहेर ढकलली जाते. म्हणजे पुढे ओढ आणि नळीतून ढकल, वजाबाकी. कंपनं उंबरठ्याच्या वर गेली की नळीतली हवा मागे पडता पडता पार उलटी चालू लागते. पडदा बाहेर येतो तेव्हा तीही बाहेर येते. झाली बेरीज. आणि नेमक्या उंबरठ्यावर पडदा जवळजवळ स्तब्ध उभा असतो, आवाज सगळा नळी काढत असते.

हा उंबरठा कुठे पडेल हे हेल्महोल्ट्‌झच्या सूत्रानं काढता येतं. हेल्महोल्ट्‌झ हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ. पोकळ गोळ्यांची लहान तोंडं कानाला लावून तो सुरांचे घटक वेगळे ओळखायचा. नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याला खोक्याचं घनफळ आणि नळीची लांबी यांच्या गुणाकारानं भागायचं, वर्गमूळ काढायचं, आवाजाच्या वेगानं गुणायचं आणि २π नं भागायचं. ५० लिटरचं खोकं, आतून १० सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, उंबरठा पाहिजे ३५ हर्ट्‌झला: लांबी येते ३८ सेंटीमीटर. पण दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही नळीतल्या हवेबरोबर हलत असते, म्हणून व्यासाच्या पाऊणपट लांबी वजा करायची. पाइप कापायचा ३१ सेंटीमीटर. त्यात हलणारी हवा तीन लिटर, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. एवढीशी हवा भिंती हादरवते.

पाइप दोन इंची घेतला तर? गणित जमतं, सहा सेंटीमीटरचा तुकडा पुरतो. पण तेवढीच हवा चौपट वेगानं ये-जा करते आणि बेसबरोबर फुसफुस ऐकू येते. वेग सेकंदाला सतरा मीटरच्या आत राहिला पाहिजे, असा ढोबळ नियम आहे.

एक प्रश्न नाशिककरांच्या हक्काचा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. मग मुंबईत बसवलेलं खोकं इथे बेसूर होईल का? नाही. विरळ हवेत नळीतलं वजन कमी होतं, तशीच खोक्यातली स्प्रिंगही त्याच प्रमाणात ढिली पडते. दोन्ही बदल एकमेकांना छेदून जातात. तापमानाचा मात्र परिणाम होतो, पण तोही किरकोळ: जानेवारीतल्या १० अंशांवर ३५ हर्ट्‌झला लागलेलं खोकं मे महिन्यातल्या ४० अंशांवर पावणेसदतीसला लागेल.

खरा घोटाळा होतो मापाच्या कागदावर. आतून ४० × ४० × ३१.२५ सेंटीमीटर म्हणजे ५० लिटर. हेच आकडे मिस्त्री सवयीनं बाहेरून धरतात, कारण कपाट बाहेरूनच मोजतात. १८ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या फळीत, बाहेरून तेवढं खोकं केलं तर आत उरतात जेमतेम साडेछत्तीस लिटर आणि उंबरठा ३५ वरून ४१ वर जातो. त्यातून पाइप, आडव्या पट्ट्या आणि स्पीकरचा मागचा भाग यांनी व्यापलेली जागा आणखी वजा. म्हणून कागदावर ठळक लिहा: "माप आतलं." शिवाय पाइपचं आतलं तोंड आणि मागची फळी यांत किमान एका व्यासाएवढं अंतर सोडा, ३१ चा पाइप (त्यातले जवळपास दोन सेंटीमीटर पुढच्या फळीच्या जाडीतच जातात) ४० च्या बाजूनंच आडवा टाकावा लागतो तो यासाठी.

कुठल्या स्पीकरला किती लिटरचं खोकं, हे अंदाजपंचे ठरत नाही. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात, दोघांनीही ऑस्ट्रेलियात, स्पीकरचं वागणं थोडक्या आकड्यांत बसवून दिलं. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात ते आकडे असतात. ते नसतील तर तो स्पीकर घेऊच नये, असं माझं मत.

याउलट बाजारात ज्या गोष्टींवर वाद झडतात त्यांना इथे किंमत नाही. खोक्याच्या बाजू 'सुवर्ण गुणोत्तरात' हव्यात म्हणे. बाजूंचं प्रमाण महत्त्वाचं ठरतं ते आत लाटा उभ्या राहतात तेव्हा, आणि ४० सेंटीमीटरमध्ये उभी राहणारी पहिली लाट ४३० हर्ट्‌झच्या आसपासची. सबवूफरला तर शंभरच्या वरचं काही पाठवतच नाहीत. सागवानाचा आवाज 'गोड' येतो, हेही तसंच. सतारीचं लाकूड गायला हवं, सबवूफरचं लाकूड मुकं राहायला हवं. म्हणून जड, एकसारखा एमडीएफ किंवा चांगलं प्लाय घ्यायचं आणि मोठ्या फळ्यांच्या मधोमध आतून आडवी पट्टी ठोकायची. चौकोनी फळीची स्वतःची थरथर त्यामुळे दुपटीहून वरच्या कंपनसंख्येला ढकलली जाते, बेसच्या वाटेतून बाहेर. आणि डब्यावर छापलेले ते 'पाच हजार वॉट पीएमपीओ', म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा जाहिराती आकडा? घरातल्या सहा अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर १,३८० वॉट निघतात. बाकीचे छापखान्यात तयार होतात.

जोडणीत महत्त्व एकाच गोष्टीला: स्प्रिंग गळता कामा नये. प्रत्येक सांध्याला भरपूर फेव्हिकॉल, गुण्या लावून काटकोन तपासणं, आणि एमडीएफच्या कडेत स्क्रू पिळण्याआधी बारीक ड्रिलनं भोक, नाहीतर कड उलते. आतून सिलिकॉनची रेघ ओढली तर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत स्पीकर बसवू नका. ती अॅसिडची वाफ असते, स्पीकरच्या डिंकाला सोसत नाही. मग मोबाइलवरच्या एखाद्या टोन जनरेटरनं २५ ते ५० हर्ट्‌झ सावकाश फिरवा आणि पडद्यावर बोट अलगद टेकवा. एका जागी पडदा जवळपास थांबतो, आणि नळीपाशी धरलेल्या उदबत्तीचा धूर तुटून विस्कटतो. तोच तुमचा उंबरठा. तीच उदबत्ती सांध्यांवरून फिरवली की गळतीही सापडते. उंबरठ्याच्या खाली मात्र आवाज वाढवू नका. तिथे नळी पडद्याला धरून ठेवत नाही, पडदा मोकाट हलतो आणि कॉईल आपटते.

राहिलं फिनिशिंग. आवाजाशी त्याचा संबंध नाही, नाशिकच्या पावसाशी आहे. एमडीएफच्या कापलेल्या कडा टीपकागदासारखं पाणी पितात आणि फुगतात, म्हणून कडांना आधी पातळ फेव्हिकॉल किंवा सँडिंग सीलरचे दोन हात, आतूनसुद्धा. स्क्रूच्या डोक्यांवर लांबी (पुट्टी), मग १२०, १८०, ३२० नंबरचा पॉलिश पेपर. त्यावर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि वर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये पातळ केलेलं चकचकीत पॉलिश.

आणि गणपतीच्या घाईत नेमकं इथेच बिनसतं. इगतपुरीकडून ढग आलेले, दिवसभर झिमझिम, आणि पॉलिश मारल्यावर पाच मिनिटांत त्यावर दुधाळ झाक. मिस्त्री म्हणतात, थिनर भेसळीचा. थिनर बहुतेक वेळा चांगलाच असतो. तो झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड झाला की दमट हवेतलं पाणी ओल्या थरातच उतरतं आणि सूक्ष्म थेंब अडकून पांढरं दिसतं. उन्हाळ्यात हाच थिनर, हाच हात, काही होत नाही. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर थोडा मिसळला तर थर हळू वाळतो आणि झाक टळते; बसलेल्या झाकेवरही त्याचा हलका फवारा मारला की ती बहुतेक वेळा निघून जाते. नाहीतर हवा कोरडी होईपर्यंत थांबायचं. खोकं तोवर बिनपॉलिशचंही तितकंच वाजतं.