अमेरिकेतील आरोग्य विमा आणि ‘प्रेप’ : पात्रता, कागदपत्रे व अपील

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यावयाच्या औषधांना ‘प्रेप’ म्हणतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१९ मध्ये या औषधांना ‘ए’ श्रेणी, म्हणजे सर्वात ठाम शिफारस, दिली, आणि परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या २०१०च्या कायद्यानुसार अशा श्रेणीच्या सेवा बहुतेक खासगी योजनांना कोपे (प्रत्येक सेवेमागे रुग्णाने भरायची ठरावीक रक्कम) किंवा डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम) न आकारता द्याव्या लागतात. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये वैध ठरवली.

नोकरीतून मिळालेला विमा, मार्केटप्लेसवरून (या कायद्याखालील सरकारी विमा-बाजारातून) घेतलेली योजना किंवा पालकांच्या योजनेतील २६ वर्षांपर्यंतचे नाव, या सर्वांना हा नियम लागू होतो. मात्र २३ मार्च २०१०पूर्वीच्या, फारशा न बदललेल्या ‘ग्रँडफादर्ड’ योजना आणि अल्पमुदतीचे विमे त्यातून सुटतात. महाराष्ट्रातून शिकायला गेलेल्यांनी विद्यापीठाची योजना विमा कंपनीची आहे की विद्यापीठ स्वतःच्या निधीतून चालवते, हे आधी विचारावे, कारण दुसऱ्या प्रकाराला हा कायदा बांधील धरत नाही. भारतातून निघताना घेतलेल्या प्रवासी विम्यावर तर विसंबूच नये.

वैद्यकीय पात्रतेसाठी चाचणीत एचआयव्ही नसल्याचे दिसणे आणि वजन किमान ३५ किलो असणे आवश्यक आहे. विमा कार्ड, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि नेटवर्कमधील (विमा कंपनीशी करार असलेल्या) डॉक्टरांची चिठ्ठी एवढे पुरते. मार्केटप्लेसवर नव्याने नोंदणी करणाऱ्यास उत्पन्नाचा पुरावा आणि व्हिसा किंवा स्थलांतरविषयक कागदपत्रेही लागतात. नोकरी गेल्याने विमा सुटल्यास नव्या योजनेसाठी ६० दिवसांची मुदत असते.

खरी अडचण पुढे येते. गोळी मोफत मिळते, पण तपासणीचे बिल घरी येते. वास्तविक २०२१ च्या शासकीय खुलाशानुसार एचआयव्ही, कावीळ बी व सी, मूत्रपिंड आणि लैंगिक आजारांच्या चाचण्या, तसेच प्रेपसाठीच्या डॉक्टरांच्या भेटी, हे सारे त्याच मोफत सेवेचे भाग आहेत. दावा प्रतिबंधाऐवजी उपचाराच्या कोडखाली गेला, की पैसे मागितले जातात. म्हणून बिल भरण्याआधी दवाखान्याकडून झेड२९.८१ हे निदान कोड आणि ३३ हा मॉडिफायर (सेवा प्रतिबंधक असल्याचे दाखवणारा जोड-कोड) घालून दावा पुन्हा पाठवून घ्यावा. जेनेरिक (ब्रँडविना मिळणारे तेच औषध) उपलब्ध असताना त्याच औषधाच्या ब्रँडसाठी पैसे मागण्यास कंपनीला मुभा आहे, मात्र डॉक्टरांनी वैद्यकीय गरज लिहून दिल्यास अपवाद मागता येतो.

तरीही नकार आल्यास १८० दिवसांत कंपनीकडे अंतर्गत अपील करावे, आणि तेही फेटाळले गेल्यास चार महिन्यांत स्वतंत्र बाह्य फेरतपासणीची मागणी करावी. नकाराचे पत्र, डॉक्टरांचे स्पष्टीकरण आणि बिलाच्या प्रती जोडाव्यात.

पालकांच्या किंवा जोडीदाराच्या योजनेत नाव असणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या भेटीआधीच करावी. दाव्याचे विवरणपत्र मुख्य विमाधारकाच्या पत्त्यावर जाते, तेव्हा आपला पत्रव्यवहार वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची लेखी विनंती कंपनीला द्यावी.